हंकाकूचा दुसरा कान

ताईला राग आला की तिचा आवाज गोड व्हायचा. त्या दिवशी फोनवर तो इतका गोड झाला की धाकट्या बहिणीने ओळखलं, ताई भयंकर चिडलीय. "माझ्याशी बोलायला तुला वेळ होत नाही ना, मग तू पॉडकास्ट ऐकत जा," ताई म्हणाली. "त्यांना कितीदाही 'थांब गं जरा' म्हटलंस तरी वाईट वाटत नाही." एवढं बोलून तिने फोन ठेवला.

झालं होतं ते असं. ताईने मुद्दाम फोन करून विचारलं होतं, "तुला एक सांगायचंय, जरा निवांत आहेस का?" धाकटी म्हणाली, "हो, सांग ना," आणि नेमकं तेव्हाच तिचं शेंडेफळ स्टुलावरून खाली आलं. मग रक्त आलंय का बघा, टेंगूळ दाबा, रडं थांबवा. ते थांबतंय तोवर लेकीचं गणित अडलं. फोन ओट्यावर तसाच पडून. धाकटी धावत परत येऊन "हां, बोल" म्हणाली तोवर ताईने सांगायचं ते आवरून ठेवलं होतं. "काही नाही गं, नंतर बोलू," ती म्हणाली आणि मग ते पॉडकास्टचं म्हणाली.

हे 'नंतर' काही उजाडेना. ताई दूर देशी, एका आजीबाईंना सांभाळायच्या कामावर. धाकटीच्या हिशेबाने, ताईला दुपारी जरा पाठ टेकायला मिळे तेव्हा इकडे संध्याकाळचा कल्ला, आणि इकडे धाकटीला श्वास घ्यायला मिळे तेव्हा तिकडे आजीबाईंची उठायची वेळ. फोनचे मेसेज झाले. मेसेजचं "सगळं ठीक ना?" झालं. पुढे तर ताईकडून नुसतं अंगठ्याचं चित्र यायला लागलं. अंगठ्याशी काय बोलणार?

आता या दोघींचं एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लहानपणी घरात जेवणं झाली की भांडी या दोघींच्या वाट्याला. ताई घासायची, धाकटी पुसायची आणि घासता घासता ताई गोष्ट सांगायची. शाळेतली, शेजारपाजारची, निम्मीअधिक स्वतःच्या मनाची. तिची खोड अशी की ऐन मोक्याच्या जागी थांबायचं. धाकटीने "हं" म्हटलं तरच गोष्ट पुढे. हं चुकलं की ताई नळ सोडून गप्प उभी. "ऐकतेयस ना?" एवढंच विचारायची. धाकटी यात इतकी पटाईत झाली की ताईने तिचं नावच हंकाकू ठेवलं. धाकटीला स्वतःला गोष्ट कधी सांगता आली नाही. तिला हं म्हणता यायचं, आणि त्यात ती खूश होती.

तर ताई पॉडकास्टचं म्हणाली ते टोमणा म्हणून, पण धाकटीने ते मनावर घेतलं. ताईचं ऐकायची जन्माची सवय, दुसरं काय. शिवाय ताई बोलेनाशी झाल्यापासून तिला कानात कसं रितं रितं वाटायचं. आवाज काही कमी नव्हते. दिवसभर पडदे शिवायच्या दुकानात मशिनांची घरघर, घरी "आई माझा मोजा", "आई बघ हा मला चिडवतो", "अगं माझा डबा". पण यातलं कुणी तिला काही सांगत नव्हतं. जो तो तिच्याकडे काहीतरी मागत होता.

लेकीने बाबांचा जुना फोन शोधून काढला. काचेला तडा गेलेला, पण चालणारा. धाकटीच्या स्वतःच्या फोनमध्ये गिऱ्हाइकांच्या खिडक्यांचे इतके फोटो होते की आणखी काही मावतच नव्हतं. "आई, हे दाबलं की सुरू, हे दाबलं की बंद," लेक मास्तरणीच्या थाटात म्हणाली. "आणि हे दाबू नकोस."

"याने काय होतं?"

"मला माहीत नाही, म्हणून दाबू नकोस."

पहिल्यांदा तिने लावला एका यशस्वी माणसाचा. तो रोज पहाटे उठून शांत बसायचा आणि आयुष्याकडे बघायचा. धाकटीसुद्धा पहाटेच उठत होती, पण तिला आयुष्याच्या आधी डबे दिसायचे. त्या गृहस्थाचा डबा कोण भरत होतं, हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. मग तिने श्वासाचा लावला. त्यातली बाई म्हणे, डोळे मिटा. मशिनवर बसून डोळे मिटले असते तर पडद्याला बोट शिवलं गेलं असतं. मग लेकीच्या नकळत एक खुनाचा लावला, त्यात ती अशी गुंतली की बस तिच्या थांब्यावरून पुढे निघून गेली आणि भाजीची पिशवी घेऊन तिला उलटं चालत यावं लागलं. त्यानंतर दोन दिवस तिला दुकानातल्या कापणीवाल्या काकांच्या कात्रीकडे बघवेना, आणि काका म्हणजे अगदी देवमाणूस.

आणि मग तिला ती बाई सापडली. ही बाई गावोगाव हिंडून आगळीवेगळी कामं करणाऱ्या माणसांना भेटायची आणि मग एकटीच बसून त्यांच्याबद्दल सांगायची. कोणी दीपगृहाचा दिवा सांभाळणारा, कोणी विहिरीत पडलेल्या वस्तू बुडी मारून काढणारा. आवाज काही ताईसारखा नव्हता, जरा किनराच होता. पण बाई सांगता सांगता मोक्याच्या जागी थांबायची. "आणि तो पायऱ्या चढून वर गेला, तर वर..." की गप्प. पहिल्यांदा ती अशी थांबली तेव्हा धाकटीचे हात पडद्याच्या चुण्यांत होते, आणि तिच्या तोंडून आपसूक निघालं, "हं."

तेव्हापासून सवयच लागली. इअरफोनचं एकच बोंड ती कानात घालायची, उजव्या. डावं खाली लोंबत असायचं. डावा कान मुलांचा, मालकाचा, दारावरच्या बेलचा. घरात सगळ्यांना हे पाठ झालं होतं. काही मागायचं असलं की तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभं राहायचं. दोन्ही कान एका वेळी आपल्यालाच घ्यावेत, हे तिला कधी सुचलंच नाही.

दुकानात या हंपायी एकदा घोटाळाही झाला. कापणीवाल्या काकांनी विचारलं, "लांबी इथवर घेऊ का गं?" आणि तिकडे तो बुड्या मारणारा विहिरीच्या तळाशी पोचलेला. धाकटी म्हणाली, "हं." काकांनी कात्री चालवली. पडदे खिडकीच्या निम्म्यावरच संपले असते. मालकाने आकाशपाताळ एक केलं. मग धाकटीने खाली दुसऱ्या रंगाची रुंद पट्टी लावून दिली, आणि गिऱ्हाइकाला ते इतकं आवडलं की शेजारणीसाठी तसेच सांगून गेलं. मालकाने लगेच त्याला नवी फॅशन म्हणायला सुरुवात केली. काका मात्र तेव्हापासून कात्री हातात घेतली की आधी तिच्या कानाकडे बघायचे. "आता हं मला आहे की तिला?" ते विचारायचे.

हसायची सगळी, तीही हसायची. पण गोष्ट संपली, बाई "पुन्हा भेटू" म्हणाली, की धाकटीला पडदा हातात धरून उगाच बसून राहावंसं वाटायचं. आपण इतकं जीव लावून हं म्हणतो आणि ते कुठे पोचतच नाही. बाई थांबते ती थांबायचं म्हणून थांबते. आपण गप्प राहिलो तरी ती पुढे बोलणारच. ताई बोलली नसती. ताईला तिचं हं लागायचं. त्या एका गोष्टीची तिला फार ओढ लागायची. आणि ताईला काय सांगायचं होतं? आजारी तर नसेल? कुणाशी भांडण? विचारलं की अंगठा.

एका संध्याकाळी तिने ठरवलं की लिहायचं नाही, बोलून पाठवायचं. स्वयंपाकघरात ती एकटीच होती. जुन्या फोनवर पॉडकास्टवाली बाई उजव्या कानात चालू होती. धाकटीने स्वतःचा फोन घेतला, बोलायचं बटण वर सरकवलं. असं केलं की बोटाने दाबून धरावं लागत नाही, हेही लेकीनेच शिकवलेलं. "ताई, कशी आहेस गं?" ती म्हणाली. "मी..." आणि पुढे काय म्हणायचं ते सुचेना. ओट्यावर पाणी उकळायला लागलं. तिने फोन बरणीला टेकवून ठेवला आणि झाकण काढायला वळली. वळली ती वळलीच. भांडी घासली, भाजी चिरली, कानात बाई सांगत होती, आणि ती आपली जागच्या जागी "हं", "हं", "अगं बाई", "मग?" करत राहिली.

शेंडेफळ डाव्या बाजूने आलं. "आई, ते मांजराचं पिल्लू आहे ना जिन्यात, ते आपण घरी आणू या?"

"नाही म्हणजे नाही," धाकटी म्हणाली. "घरात जागा आहे का आधीच? आहेत तेवढेच मला पुरे झालेत."

पोरगं पाय आपटत गेलं. गोष्ट संपली. फोन घ्यायला ती वळली तर त्यावरचे आकडे अजून पळतच होते. पुसून टाकायला म्हणून घाईने दाबलं ते नेमकं बाणाचं बटण. अख्खी संध्याकाळ, नळासकट आणि मांजरासकट, ताईकडे निघून गेली. काढून घेता आली असती. पण लगेच निळ्या खुणा उमटल्या. ताईने उघडलं होतं. आता काय, धाकटी मनात म्हणाली, दोन मिनिटं ऐकेल आणि वैतागून बंद करेल.

त्या दिवशी ताईचं काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अंगठासुद्धा नाही. धाकटी पडद्याला कड्या उलट्या लावून बसली आणि पुन्हा उसवत बसली. आपल्याशी बोलायला हिला वेळ नाही, आणि दुसऱ्याच कुणाला तासभर हं म्हणत बसलीय, असंच वाटलं असणार ताईला. वाटणारच. आपल्यालाही वाटलं असतं.

उत्तर आलं ते दुकानात, दुपारी. बोलून पाठवलेलं, आणि इतकं लांबलचक की धाकटीला वाटलं आपलंच परत आलं. जेवायला गेलेली माणसं अजून यायची होती. काका टेबलावर कापड पसरत होते. तिने इअरफोन स्वतःच्या फोनला लावून उजव्या कानात बोंड घातलं आणि मशिन चालू केलं, हात रिकामे असले की तिला ऐकताच यायचं नाही.

आधी तिला तिचाच आवाज आला. "ताई, कशी आहेस गं? मी..." मग झाकणाचा खणखणाट.

"बरी आहे गं," ताई म्हणाली. "एका फोनवर तुझं लावलंय आणि दुसऱ्यावर माझं बोलणं घेतेय. तर ऐक, हंकाकू. तुला एक सांगायचं होतं."

"हं," स्वयंपाकघरातली धाकटी म्हणाली.

मशिनवरच्या धाकटीचा पाय उचलला गेला. सुई कापडात तशीच उभी राहिली.

"आजीबाई गेल्या," ताई म्हणाली. "बरेच दिवस झाले. त्या दिवशी तुला फोन केला तो त्यासाठीच."

"हं."

"त्यांना आपली भाषा येत नव्हती, माहीत आहे ना तुला. आणि मला त्यांची कामापुरती. पण त्यांना आंघोळ घालताना, वेणी घालताना मी आपल्याच भाषेत काय काय सांगायचे. आपल्या घरचं, तुझं, मोरीतल्या भांड्यांचं. आणि बाई माझ्या, मी थांबले की त्या म्हणायच्या..."

"हं," धाकटी म्हणाली, अगदी जागच्या जागी.

"अगदी असंच," ताई म्हणाली. तिचा आवाज जरा हलला. पाठीमागे धाकटीच्या ओट्यावर काहीतरी चरचरत होतं, विळीवर काहीतरी चिरलं जात होतं. "शब्द एक कळत नसेल त्यांना. पण हं एकदाही चुकलं नाही. आता या घरात मी एकटी आहे. त्यांची मुलं घर बंद करणार आहेत. मला दुसऱ्या एका घरी काम मिळतंय. लोक बरे आहेत. पण मला जावंसं वाटत नाही गं."

"अगं बाई," धाकटी म्हणाली.

"ना? मलाही तेच वाटतं. दिवस दिवस मला इथे कुणी हं म्हणत नाही. मी भिंतीला सांगायला लागले होते. मग तुझं हे आलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रडले. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा बघितलं, मध्ये मध्ये जागा आहे."

"मग?"

"मग काय, मला परत यायचंय," ताई म्हणाली. एका दमात म्हणाली, आणि थांबली. मग हळूच, "तुझ्या डोक्यावर बसणार नाही. पण तुझ्या जवळपास एखादी खोली... किंवा पहिले काही दिवस तुझ्याकडेच, कोपऱ्यात कुठेतरी... चालेल का तुला?"

धाकटीला पुढचं आठवलं. तिने घाईने हात पुढे केला, पण थांबवायचं बटण कोणतं तेच तिला दिसेना. कानात शेंडेफळाचा आवाज बारीक येऊन गेला, आणि मग तिचा स्वतःचा, लख्ख. "नाही म्हणजे नाही. घरात जागा आहे का आधीच? आहेत तेवढेच मला पुरे झालेत."

ताई फसकन हसली. "घ्या! उत्तरसुद्धा मिळालं." हसली आणि मग हसेनाशी झाली. नळाचं पाणी वाहण्याचा आवाज तेवढा राहिला. "असू दे," ती मग म्हणाली. "तुझ्या तोंडावर मी कधी विचारलंच नसतं. तुझा संसार, तुझी धावपळ. या आवाजाला विचारायला सोपं गेलं."

मग धाकटीच्या बाजूने खट्ट झालं. तिची संध्याकाळ संपली होती. ताईच्या त्या रिकाम्या घरातली शांतता तेवढी उरली, कुठेतरी घड्याळ चालल्यासारखं काहीतरी. धाकटीला वाटलं, आता ताईही बंद करेल. पण ताई नळ सोडून उभी राहायची तशी गप्प होती. आणि मग तिने विचारलं, "ऐकतेयस ना?"

स्वयंपाकघरातल्या धाकटीकडून काही आलं नाही. येणार कुठून?

"हं!" धाकटी दुकानात मोठ्याने म्हणाली. इतक्या मोठ्याने की काकांच्या हातातली कात्री थांबली.

"अगं मी काहीच विचारलं नाही," काका म्हणाले.

ती उत्तर द्यायला थांबली नाही. डोळे पुसत मागच्या खोलीत गेली, कापडाचे तागे उभे करून ठेवले होते त्यांच्या मधोमध उभी राहिली आणि तिने फोन लावला. तिकडे आत्ता किती वाजले असतील हे तिने आयुष्यात पहिल्यांदाच मोजलं नाही.

"तू? या वेळेला?" ताई घाबरून म्हणाली. "मुलं बरी आहेत ना?"

"ताई, ते मांजराला होतं."

मग ताई म्हणाली, "माहीत आहे गं. पोराचा आवाज आला की त्यात."

"आणि ती सगळी हं त्या पॉडकास्टवाल्या बाईला होती."

"तेही माहीत आहे." ताईचा आवाज मुळीच गोड नव्हता, चांगला घोगरा होता. "आधी जीवच जळला माझा. म्हटलं, ही माझी हं दुसऱ्या कुणाला वाटत सुटलीय! मग म्हटलं, वाया कशाला घालवायची."

धाकटीला हसू आलं आणि रडूही, दोन्हीला एकदम वाट मिळेना. "खोलीबिली मी कुठे बघणार नाही," ती शेवटी म्हणाली. "घरात जागा नाहीये, ते खोटं नाही. अजिबात नाहीये. माझं घरचं मशिन बाल्कनीत टाकू आणि त्याच्या जागी तुझी गादी घालू. लेक घोरते, आधीच सांगून ठेवते. पण तू ये. दुसरीकडे कुठे जायचं नाही."

पलीकडून ताईने नाक ओढल्याचा आवाज आला.

बाहेरून मालकाने हाक मारली. "अगं, गिऱ्हाईक उभं आहे इथे! माप कोण दाखवणार?" डाव्या कानाने तिने ते ऐकलं. काकांचा आवाजही ऐकला, "येईल हो ती, तोवर मी दाखवतो."

छातीवर लोंबणारं दुसरं बोंड तिने उचललं आणि डाव्या कानात घातलं. दुकान एकदम लांब गेलं. ताईचा श्वास इतका जवळ आला की जणू मधलं सगळं अंतरच कुणी काढून टाकलं.

"आता सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

"सगळं सांगितलं की गं."

"ते माझ्या स्वयंपाकघराला सांगितलंस. मला सांग."

ताईने खाकरून घसा साफ केला. "बरं," ती म्हणाली. "त्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी त्यांची वेणी घालायला बसले, आणि कंगवा हातात घेतला, तर आजीबाई..." आणि ती थांबली.

"हं," धाकटी म्हणाली.